खारपाणपट्ट्यातली बर्फाची भिंत

एम.टेक.साठी मी जमीन गोठवण्याचा विषय निवडला तेव्हा अमरावतीत मे महिना चालू होता. माझ्या मार्गदर्शकांनी कूलरच्या आवाजावर आवाज चढवून मला दोनदा विचारलं, "काय गोठवता म्हणता?"

मी उत्साहाने समजावून सांगितलं. खोल खड्डा खणायचाय आणि जमिनीत पाणी आहे, तर खड्ड्याभोवती ओळीने लोखंडी नळ्या उतरवायच्या. त्यांतून शून्याच्या खूप खालचं, बर्फाहून थंड मिठाचं पाणी फिरवत राहायचं. प्रत्येक नळीभोवतीची ओली माती गोठते, शेजारच्या नळीच्या गोठलेल्या मातीला जाऊन मिळते, आणि जमिनीतच बर्फाची भिंत उभी राहते. आत कोरडं खणून घ्यायचं. काम संपलं की नळ्या काढायच्या आणि भिंत वितळू द्यायची. परदेशात बोगद्यांसाठी असं करतात. मार्गदर्शकांनी घाम पुसला आणि सही केली. वाद घालण्यापेक्षा सही करणं त्या दिवशी कमी उकाड्याचं असावं.

प्रयोग मी घरच्या फ्रिजमध्ये केले. स्टीलच्या डब्यांत काळी माती, त्यात कमी-जास्त मिठाचं पाणी, आणि वर थर्मामीटर. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकदा पाहुणे आले असताना बायकोने श्रीखंडाचा म्हणून डबा काढला आणि चमचा मातीत रुतला. पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमाले गोठवाचं असन तं गोठवा, पण डब्यावर चिठ्ठी तं लावत जा." तिच्या तोंडून माझ्या संशोधनावर निघालेला तो पहिला अभिप्राय, आणि पुढे कितीतरी वर्षं शेवटचाही.

प्रबंधात एक प्रकरण खास खारपाणपट्ट्यावर होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, दर्यापूरकडच्या भागात जमिनीखालचं पाणी खारट आहे. खारं पाणी शून्यावर गोठत नाही, अजून खाली न्यावं लागतं, म्हणून तिथं भिंत तयार व्हायला जास्त दिवस लागतील असं मी गणिताने सिद्ध केलं होतं. ते प्रकरण मला सगळ्यांत मौलिक वाटायचं. परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते मी कौतुक समजलो.

त्यानंतर बावीस वर्षं मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मृदाशास्त्र शिकवतोय. दर वर्षी जमीन गोठवण्यावर एक तास घेतो. अभ्यासक्रमात त्याला जेमतेम अर्धा परिच्छेद आहे. मुलं मला मागून 'बर्फगोळा सर' म्हणतात हे मला माहीत आहे. मातीचा एक गोळासुद्धा मी त्या डब्यांबाहेर कधी गोठवला नव्हता, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वर्गात तो शेवटच्या बाकावर झोपायचा, आता अकोल्यात बांधकामाची कंत्राटं घेतो.

"सर, तुमचं ते बर्फाचं काम खरंच होते का?"

या प्रश्नाची मी बावीस वर्षं वाट पाहत होतो, त्यामुळे लगेच हो म्हणालो. अडचण काय आहे ते नंतर विचारलं.

अडचण अशी होती. अकोल्याबाहेर दर्यापूर रस्त्याला एक जुना बर्फाचा कारखाना आहे. बर्फाला गोडं पाणी लागतं आणि तिथल्या बोअरला खारं पाणी. म्हणून मालक नळाच्या पाण्यावर कारखाना चालवतात. नळ रोज येत नाहीत, तेव्हा पाणी साठवायला त्यांना आवारात जमिनीखाली मोठं टाकं बांधायचं होतं. माझ्या विद्यार्थ्याने खड्डा पुरुषभर खणला आणि त्यात पाणी भरू लागलं. पंप लावला की पाण्याबरोबर माती वाहून येई आणि खड्ड्याच्या कडा ढासळत. खड्ड्याला लागूनच मशिनघराची जुनी भिंत होती. अजून माती गेली असती तर तीही आत आली असती.

"पण सर, गोठवाची मशीन कुठून आणाची?" असं विचारता विचारता त्याचं त्यालाच हसू आलं. तो बर्फाच्या कारखान्यातच तर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीहून सकाळच्या गाडीने गेलो. प्रबंध पिशवीत घेतला होता. मालकांनी मला मशिनघर दाखवलं. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, बनियनवर टॉवेल. त्यांच्या आजोबांनी हा कारखाना काढला होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. हौदात मिठाचं थंडगार पाणी फिरत होतं आणि त्यात पाण्याचे डबे बुडवून ठेवले होते. डब्यांत लाद्या तयार होत होत्या. माझ्या प्रबंधातली सगळी आकृती तिथं आजोबांच्या काळापासून चालू होती, फक्त मातीशिवाय.

मी तासभर बोललो. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रोफेसर साहेब," ते म्हणाले, "आमी तीन पिढ्यांपासून पाणी गोठवून राहिलो. माती गोठवाले आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही. जुना कॉम्प्रेसर पडूनच हाय. करून पाहू."

"किती दिवस लागन सर?" विद्यार्थ्याने विचारलं.

मी प्रबंध उघडला. त्या पट्ट्यातल्या पाण्याच्या खारटपणाचा तक्ता त्यात होता. तो घेऊन गणित केलं आणि सांगितलं, "पाणी खारं आहे. महिना तरी धरा. त्याच्याआधी होणं शक्य नाही."

हे मी फार ठामपणे सांगितलं. एवढा ठाम मी घरी कधीच नसतो.

खड्ड्याभोवती हात-हात अंतरावर नळ्या ठोकल्या. प्रत्येक जाड नळीत एक बारीक नळी घातली. बारीक नळीतून थंड पाणी तळापर्यंत जाई आणि जाड नळीतून वर परत येई. जुना कॉम्प्रेसर चालू झाला तसा सगळ्या आवारात थरथराट सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी नळ्यांच्या डोक्यांवर पांढरा बर्फ धरला. वर पंचेचाळीस अंश ऊन, आणि खाली नळ्या कापसाच्या बोंडांसारख्या पांढऱ्या. मजुरांनी पाण्याच्या बाटल्या, ताकाचे डबे, कैऱ्या असं सगळं नळ्यांना टेकवून ठेवायला सुरुवात केली. माझ्या संशोधनाचा समाजाला थेट उपयोग होताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी दर दिवसाआड अमरावतीहून जाई. जमिनीत ठिकठिकाणी तापमापक सोडले होते, त्यांचे आकडे विद्यार्थी रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवी. आणि मग चमत्कार झाला. महिना सांगितला होता, तर बाराव्या दिवशी तीन बाजू गोठल्या. लोखंडी सब्बल मारली की खणकन आवाज यायचा.

आता एखाद्या शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. गणित चुकलं म्हणजे गणितात घातलेलं काहीतरी चुकलं, एवढी साधी गोष्ट. मला शंका आली नाही, मला अभिमान आला. मी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'खारपाणपट्ट्यात अपेक्षेच्या निम्म्याहून कमी वेळात यश.' विभागप्रमुखांनी अंगठा पाठवला. मी शोधनिबंधाचं शीर्षक लिहून ठेवलं आणि अंतिम वर्षाच्या मुलांची सहलही जाहीर करून टाकली.

चौथी बाजू, रस्त्याकडची, तेवढी दाद देत नव्हती. तिथलं तापमान शून्याच्या खाली जाई, दोन-तीन दिवस राही, आणि एखाद्या संध्याकाळी अचानक वर चढे. पुन्हा खाली, पुन्हा वर. त्या आकड्यांपुढे मी वहीत एकदा 'सूर्यप्रकाश?' लिहिलं, एकदा 'वायुदाब?' लिहिलं. प्रश्नचिन्ह टाकलं की माणूस विचार करतोय असं दिसतं.

त्याच आठवड्यात संडासाचा प्रकार झाला. खड्ड्याच्या तिसऱ्या बाजूला आवाराच्या कोपऱ्यात कारखान्याचा एक संडास होता. दोन-तीन दिवसांपासून त्याचं दार घासत होतं. मी आत गेलो आणि जोर लावून दार ओढून घेतलं. नंतर ते उघडेना. मी धक्के मारले, हाका मारल्या. बाहेर विद्यार्थी आला.

"सर, आतून कडी लागली असन."

"कडी काढली आहे. जमीन वर आली आहे!"

मग त्याचा आवाज, "चाचा, सर म्हणून राहिले, जमीन वर आली."

मला समजावून सांगणं भाग होतं. ओली बारीक माती गोठली की फुगते आणि वरचं सगळं उचलते, हे मी दरवर्षी शिकवतो. आता तेच मी पत्र्याच्या दाराआडून मोठ्या आवाजात शिकवलं. उंबरठा वर उचलला गेलाय, चौकट तिरपी झालीय, वगैरे.

"किती वर आली?" चाचांनी विचारलं.

मी खाली वाकून अंदाज घेतला. "दोन सेंटिमीटर असेल!"

खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला आतून बरं वाटत होतं. पुस्तकात होतं अगदी तसंच घडलं होतं. चाचांनी सब्बल घालून दार बिजागऱ्यांसकट उपसलं तेव्हा मी घामाने निथळत होतो. बाहेर सगळे मजूर उभे होते. एक बाई पदराआडून म्हणाली, "आपल्याच बर्फात अडकला मास्तर." तिचं काही चुकलं नव्हतं.

तीन बाजू पक्क्या झाल्या म्हणून आम्ही खणायला सुरुवात केली. रस्त्याकडच्या बाजूने पाणी झिरपत होतं, तिथं एक छोटा पंप ठेवला. उरलेल्या तीन भिंती मात्र बघत राहाव्यात अशा होत्या. गोठलेली काळी माती, तिच्यात मध्येच बोटाएवढ्या जाडीचे नितळ बर्फाचे थर. मी उतरून सगळ्यांना ते थर दाखवत होतो, कसे तयार होतात ते सांगत होतो. चाचाही शिडीने खाली आले. त्यांनी एका थराचा तुकडा फोडला, उन्हासमोर धरला आणि बराच वेळ त्याच्यातून पलीकडे पाहत राहिले.

"सर," ते म्हणाले, "हा खाऱ्या पाण्याचा बर्फ नाही."

"म्हणजे?"

"खाऱ्या पाण्याचा बर्फ दुधावानी पांढरा राहते, भुसभुशीत. हा तं काच हाय. अशी लादी माह्या कारखान्यात निंगाली तं मी सगळ्यात आंधी विकतो." आणि त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला. "गोड हाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बावीस वर्षांच्या मास्तरकीने माणसाकडे उत्तर नेहमीच तयार असतं. मी म्हणालो, "चाचा, पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. त्यामुळे बर्फ तेवढा खारट लागत नाही."

चाचांनी मान हलवली, वाद घातला नाही. ते रस्त्याकडच्या कोपऱ्यात गेले, झिरपणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरली, ती भरेपर्यंत थांबले आणि माझ्यासमोर आले. "मंग हे प्या."

मी प्यायलो. पाण्याला मातीची चव होती. मिठाची अजिबात नव्हती. आणि मागून नाकात हलकासा वास आला, जो अकोल्यातल्या आणि अमरावतीतल्या प्रत्येक माणसाला ओळखू येतो. ब्लीचिंग पावडरचा.

"सर, तुमी पाणी तपासलं होतं ना?" विद्यार्थ्याने हळूच विचारलं.

मी तपासलं नव्हतं. खारटपणाचा आकडा मी माझ्या प्रबंधातून घेतला होता. प्रयोगशाळेत पाच मिनिटांत होणारी चाचणी, आणि बोट बुडवून चाटलं असतं तर तेवढाही वेळ लागला नसता. खारपाणपट्टा आहे म्हणजे पाणी खारंच असणार, आणि त्यावर मी प्रकरण लिहिलंय म्हणजे तर असणारच.

विद्यार्थ्याने वही आणली. रस्त्याकडचं तापमान ज्या-ज्या संध्याकाळी चढलं होतं त्यांच्या तारखा तो वाचत गेला आणि चाचा बोटांवर मोजत गेले. "त्या दिवशी नळ आले होते. हो, त्याही दिवशी. त्या दिवशी उशिरा आले, पण आले." सगळ्या जुळल्या. आवाराच्या भिंतीलगत रस्त्याखालून नळाची मोठी लाइन जात होती आणि तिचा एक सांधा गळत होता. नळ आले की पाणी माझ्या गोठलेल्या मातीत घुसायचं आणि सगळी थंडी वाहून न्यायचं. वायुदाबाचा त्यात काही हात नव्हता. आणि तीन बाजू बारा दिवसांत गोठल्या त्या पाणी गोडं होतं म्हणून. माझं यश आणि माझं अपयश दोन्ही एकाच फुटक्या सांध्यातून आलं होतं.

चाचा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे टाकं तं आपोआप भरून राहिलं होतं. आपणच त्याले अडवून राहिलो."

पाणीपुरवठ्याची माणसं आली. त्यांना सांध्यापर्यंत खणायचं होतं, आणि नेमका तिथंच माझ्या शेवटच्या चार नळ्यांचा बर्फ होता. भिंत म्हणून तो कामाचा नव्हता, पण सब्बल अडवण्यापुरता भरपूर होता. त्यांच्यातल्या फिटरने तीन-चार घाव घातले, सब्बल उडून बाजूला पडली. तो वाकून मातीला हात लावून पाहू लागला, मग हात झटकला.

"इथं माती काहून एवढी थंडी हाय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मी गोठवली," मी म्हणालो.

"काहून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रबंधात पानोपानी होतं. त्या फिटरला मात्र मी फक्त, "पाणी येऊ नये म्हणून," एवढंच सांगू शकलो. त्याने खड्ड्यात झिरपणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. कॉम्प्रेसर बंद केला, कढत पाण्याच्या बादल्या ओतल्या, तरी सांध्यापर्यंत पोचायला दीड दिवस गेला. सांधा बदलला. गळती माझ्या आधीपासूनची होती, पण फुगलेल्या जमिनीने तो सांधा अजून उचकटला नसेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. नंतर नळ आले तेव्हा आम्ही तिघं खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. पाणी आलं नाही. जमिनीतलं खरं खारं पाणी फार खोल होतं, आमच्या टाक्याच्या कितीतरी खाली. भिंतीची गरज कधीच नव्हती.

कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदन चालूच होतं. मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मग एका दमात सगळं लिहून पाठवलं, ब्लीचिंग पावडरीसकट. विभागप्रमुखांनी पुन्हा अंगठाच पाठवला. त्यांनी वाचलं की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.

सहल मी रद्द करणार होतो. रात्री जेवताना बायकोला तसं सांगितलं. तिने विचारलं, "गोठली नाही का माती?"

"गोठली. पण कारण चुकलं."

"मंग दाखवा नं पोट्ट्याइले. कारण चुकलं तेही सांगा. वितळून गेल्यावर काय दाखवसान?"

बस निघाली. अंतिम वर्षाची चाळीस मुलं-मुली, साडेदहाला कारखान्यावर. कॉम्प्रेसर बंद करून चार दिवस झाले होते, भिंतींना पाझर सुटला होता. त्यांच्यासमोर उभं राहून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तक्ता कुठून घेतला, वहीत काय लिहिलं, ओंजळभर पाणी प्यायल्यावर काय कळलं. संडासाचं वगळणार होतो, पण माझा जुना विद्यार्थी शेजारीच उभा होता, त्याने ते भर घालून सांगितलं. मुलं इतकी हसली की दोघं-तिघं खालीच बसली. आता ती मला मागून काय म्हणत असतील देव जाणे.

हसणं ओसरल्यावर धारणीकडची एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "पण सर, माती गोठली तं खरीच ना?"

"गोठली."

"हात लावू?"

ती शिडीने उतरली, तिच्यामागे सगळे उतरले. काळ्या भिंतीवर एकामागून एक हात टेकले. कोणी गाल लावला, कोणी पाठ टेकली, कोणी ओरडलं. वर ऊन रटरटत होतं आणि खाली श्वासाची वाफ दिसते का ते मुलं तोंड उघडून पाहत होती. भिंतीचा एक पापुद्रा सुटून धपकन खाली पडला तसे सगळे मागे सरले आणि मी त्यांना वर पाठवायला लागलो. चाचांनी लिंबाच्या सरबताचं पातेलं मांडलं होतं, तिकडे सगळे पळाले.

मी खालीच होतो. गर्दीत माझंच हात लावायचं राहून गेलं होतं. तळहात भिंतीवर ठेवला. थंडी आधी चावली, मग हात बधिर झाला. माती दगडासारखी होती आणि बोटांखाली हळूहळू ओली होत होती. एवढी वर्षं जे फळ्यावर काढत आलो ते अंगाला लागत होतं, आणि ते चुकीच्या कारणासाठी उभं आहे याचं त्या घटकेला मला काहीच वाटत नव्हतं.

"सर, या वर," जुना विद्यार्थी काठावरून म्हणाला. "भिंत ढासळून राहिली."

"आलो," मी म्हणालो, आणि दुसराही हात टेकवला.